शिरढोण ते एडन

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की आधी पळस्पे फाटा येतो, मग शिरढोण आणि मग कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा उभा सुळका. सुट्टीत कोकणात निघालेल्या गाड्यांच्या हे खिजगणतीतही नसते. पळस्पे म्हणजे वाहतूक कोंडी, कर्नाळा म्हणजे पक्षी अभयारण्य आणि शिरढोण म्हणजे रस्त्याकडेची एक पाटी, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांशी झालेल्या एका वैराची सुरुवात, मधला भाग आणि ऐन भर या तिन्ही गोष्टी मात्र याच काही मैलांच्या पट्ट्यात घडल्या. कर्नाळ्यावर १८१८ मध्ये, शिरढोणात १८४५ मध्ये आणि पळस्प्यात १८७९ मध्ये.

अमेरिकेत काही माजी राष्ट्राध्यक्षांच्या आयुष्याची अशी ठिकाणे सरकार राष्ट्रीय ऐतिहासिक उद्याने म्हणून राखते. टेक्सासमध्ये लिंडन जॉन्सन यांचे उद्यान आहे. ते जन्मले ते घर पुन्हा उभारलेले आहे, राहते घर आणि कुरण तसेच ठेवलेले आहे आणि घराण्याच्या दफनभूमीत त्यांची कबरही आहे. पाहुणा एकाच फेरीत पाळण्यापासून कबरीपर्यंतचे आयुष्य पाहून येतो. इंग्रजांशी ते वैर धरणाऱ्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या नशिबी असे सलग आवार नव्हते. जन्म पनवेल तालुक्यात, नोकरी आणि बंड पुण्याकडे, अटक विजापूरच्या मुलखात आणि मृत्यू समुद्रापलीकडे एडनला. पण त्या आयुष्याचा पहिला धागा हातात घ्यायचा असेल तर शिरढोणलाच यावे लागते. येथे त्यांचा जन्मवाडा स्मारक म्हणून जपलेला आहे. वाड्यातून बाहेर येऊन कर्नाळ्याच्या दिशेने पाहावे. पुढची सगळी गोष्ट त्या गडावरून सुरू होते.

फडक्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ च्या सुरुवातीला, कर्नल प्रॉथरची फौज कोकणातले किल्ले एकामागून एक घेत चालली होती. त्या रेट्यात कर्नाळाही गेला. किल्ला म्हणजे किल्लेदाराचा मान, वतन आणि दिमतीला असलेल्या माणसांचे पोट. एका किल्ल्याबरोबर हे सगळे गेले. अनंतराव शिरढोणात राहिले आणि ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तिथेच त्यांच्या नातवाचा जन्म झाला. वडील बळवंतराव, आई सरस्वतीबाई. आजोबांनी नातवाला गडाच्या आणि लढाईच्या गोष्टी सांगून वाढवले असे सांगतात. त्यातले किती खरे आणि किती मागाहून भर पडलेले, हे ठरवता येत नाही. पण अंगणात उभे राहिले की हरलेला गड रोज समोर दिसतो, अशा घरात मूल काय ऐकत वाढले असेल, हे कोणी वेगळे सांगायला नको.

शिक्षण कल्याण, मुंबई, पुणे असे तुकड्यातुकड्यांनी झाले. रेल्वेत, ग्रँट मेडिकल कॉलेजात कारकुनी करून ते पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात लागले आणि पंधरा वर्षांच्या आसपास तिथेच राहिले. ज्या साम्राज्याशी पुढे हातात बंदूक घेऊन लढायचे, त्याच्याच फौजेच्या खर्चाचे ताळेबंद हा माणूस रोज तपासत होता. पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे त्यांना कोणाच्या व्याख्यानातून कळण्याआधी समोरच्या कागदांतून दिसले असणार. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी देशाच्या संपत्तीच्या ओघाविषयी दिलेली व्याख्याने त्यांनी ऐकली, सार्वजनिक काकांच्या स्वदेशीच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला. पण मुळातला राग कचेरीतल्या टेबलावरचा होता असे मला वाटते.

त्या रागाला घरगुती धारही चढली. शिरढोणला आई अत्यवस्थ असल्याचे कळले तेव्हा त्यांनी रजा मागितली. ती मिळाली नाही. ते तसेच निघाले आणि घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. फडक्यांच्या प्रत्येक चरित्रात ही हकीकत येते आणि ती वाचताना आजही वाचक थांबतो. घरच्या आजारपणासाठी साहेबाच्या मर्जीकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे नोकरदार मराठी घरांना सांगावे लागत नाही.

पुण्यात त्यांनी बरेच काही उभे केले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन उभारण्यात त्यांचा हात होता. पुढे तीच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. तरुणांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी ऐक्यवर्धिनी काढली. पहिली पत्नी वारल्यावर दुसरा विवाह गोपिकाबाईंशी झाला आणि त्या काळाच्या मानाने विलक्षण गोष्ट म्हणजे त्यांनी पत्नीला लिहायला-वाचायला तर शिकवलेच, पण घोड्यावर बसणे आणि हत्यार चालवणेही शिकवले.

मला मात्र या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती गंज पेठेतली तालीम. ती लहुजी वस्ताद साळव्यांची. मातंग समाजातले लहुजी १७९४ मध्ये जन्मले. त्यांचे वडील राघोजी १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढताना कामी आले. म्हणजे मराठी राज्य बुडाले त्या दोन वर्षांत एकाचा बाप रणांगणावर पडला आणि दुसऱ्याच्या आजोबांचा गड गेला. अर्ध्या शतकानंतर पुण्यातल्या एका पेठेत, तांबड्या मातीच्या हौद्यात, ही दोन घराणी समोरासमोर आली. ब्राह्मण कारकून आणि मातंग वस्ताद, शिष्य आणि गुरू. याच तालमीत जोतीराव फुलेही घडले होते. दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी फडके इथे शिकले. लहुजींनी त्यांना आणखी एक गोष्ट दिली. गडकोटांची राखण करणारे रामोशी, मांग, कोळी यांच्या जगाचे दार त्यांनी उघडून दिले. पांढरपेशा पुण्याला ते दार कधी दिसलेच नव्हते.

रामोशांची कहाणी किल्लेदारांच्या कहाणीसारखीच होती. गडांची आणि गावांची राखण हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. राज्य बदलल्यावर गडांवरची शिबंदी मोडली आणि राखणीचे हक्क आटले. उमाजी नाईकांनी पुरंदरच्या परिसरात सरकारला वर्षानुवर्षे झुंजवले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी ते पुण्यात फाशी गेले. फडक्यांना सैन्य हवे होते आणि ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सुशिक्षितांत मिळणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. ज्यांच्या अंगात लढाईची सवय आणि मनात जुने दुखणे होते त्यांच्याकडे ते गेले.

तेवढ्यात दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ या दोन वर्षांत दख्खनची जमीन करपली. त्याआधी १८७५ मध्येच सुप्यापासून सुरू होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते. म्हणजे शेतकरी आधीच गळ्यापर्यंत बुडालेला होता. दुष्काळी कामांवर मजुरी किती द्यायची हे ठरवणारा अधिकारी होता सर रिचर्ड टेंपल. त्याने पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य पुरे असे ठरवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज केले, मजुरांनी कामे सोडली. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत राणीला सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार थाटामाटात भरला. आणि त्याच वर्षी टेंपल मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. फडक्यांनी गावोगाव हिंडून लोकांचे हाल पाहिले. पुढे त्यांचा सामना झाला तो याच टेंपलच्या सरकारशी. दुष्काळ आणि बंड यांच्यामधला हा सांधा लक्षात घेतल्याशिवाय १८७९ समजत नाही.

२० फेब्रुवारी १८७९ ला पुण्याजवळच्या लोणीला विष्णू गद्रे, गोपाळ साठे, गणेश देवधर, गोपाळ हरी कर्वे या साथीदारांसह फडक्यांनी बंडाची घोषणा केली. सोबत दोनशेच्या आसपास माणसे होती. पहिला छापा शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पडला. सरकारी वसुलीचा पैसा तिथल्या सावकाराच्या घरी ठेवलेला होता. हाती लागले चारशेच्या आसपास रुपये. साम्राज्याविरुद्धच्या युद्धाचा खजिना एवढ्या रकमेने सुरू झाला. मग वाल्हे आणि इतर गावे. सरकारी दप्तरात या सगळ्याची नोंद ‘दरोडे’ अशीच झाली आणि पुण्यातल्या पुष्कळ शहाण्यांनीही तोच शब्द उचलला.

पण फडक्यांच्या मनातला बेत दरोड्याचा नव्हता. एकाच वेळी अनेक ठिकाणी टोळ्या उठवायच्या, तारा तोडायच्या, रेल्वे अडवायची, म्हणजे एका भागातली बातमी आणि कुमक दुसऱ्या भागात पोहोचणार नाही. तुरुंग फोडायचे, म्हणजे माणसे मिळतील. खजिने लुटायचे, म्हणजे फौज पोसता येईल. लष्करी कचेरीत पंधरा वर्षे बसलेल्या माणसाचा हा बेत आहे. साम्राज्याचे बळ शिपायांच्या संख्येपेक्षा तारेत आणि रुळांत आहे, हे त्याने नेमके हेरले होते. फडक्यांना पुढे प्रजासत्ताक स्थापायचे होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भारत प्रजासत्ताक झाला आणि त्याला राष्ट्रपती मिळाला तो १९५० मध्ये, या बंडानंतर एकाहत्तर वर्षांनी.

१८७९ च्या उन्हाळ्यात फडके श्रीशैलमच्या मल्लिकार्जुनाला गेले. मन खचलेले होते. रामोशांना लुटीची ओढ जास्त, आपल्या ध्येयाशी त्यांना फारसे देणेघेणे नाही, असे त्यांना वाटू लागले होते. मल्लिकार्जुनापुढे देह ठेवायचा असे ठरवून त्यांनी तिथे स्वतःची हकीकत लिहून काढली. बंड कसे सुचले, माणसे कशी जमवली, कुठे काय फसले, हे सगळे त्यात आले. देवापुढे मोकळे होण्यासाठी लिहिलेले हे कागद पुढे त्यांचा पाठलाग करणाऱ्या मेजर डॅनियल या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती पडले आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरले.

इथे फडक्यांशी माझा मतभेद आहे, आणि तो आदर राखून नोंदवावासा वाटतो. रामोशांविषयीची त्यांची तक्रार त्या खचलेल्या क्षणाची होती. आपण दीडशे वर्षे ती निवाड्यासारखी वाचत आलो. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने लुटीतला वाटा मागितला तर त्यात ध्येयाचा अभाव कुठे आला? आणि ध्येय नव्हते म्हणावे तर दौलतराव नाईकांचे काय?

दौलतराव नाईक हे फडक्यांचे सर्वांत मोठे आधार. मे महिन्याच्या १० आणि ११ तारखेला ते आपल्या माणसांना घेऊन घाट उतरले आणि पनवेलजवळच्या पळस्प्यावर आणि चिखलीवर त्यांनी छापे घातले. पळस्पे ते शिरढोण हे अंतर पायी चालण्यासारखे. आपल्या नायकाच्या जन्मगावाच्या वेशीवर रामोशांनी घातलेला हा छापा संपूर्ण बंडातला सर्वांत मोठा ठरला. हाती आलेला ऐवज दीड लाखाच्या घरात होता. धामारीच्या चारशे रुपयांशी तुलना केली म्हणजे या छाप्याने सरकार का हादरले ते कळते. मे महिन्याचे ऊन, पाठीवर लुटीचे ओझे आणि समोर सह्याद्रीची चढण, अशा अवस्थेत ही माणसे परत घाटमाथ्याकडे निघाली. वाटेत डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. चकमकीत दौलतराव गोळी लागून पडले. बंडाचा कणाच मोडला. फडक्यांचे नाव चौकाला मिळाले, नाट्यगृहाला मिळाले. दौलतराव मात्र पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या वाक्याचेही धनी झाले नाहीत.

त्याच आठवड्यात, १३ मेच्या रात्री, पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. जुन्या पेशवाईच्या या वास्तूंत सरकारी कचेऱ्या होत्या. लोकांना वाटले फडकेच आले. सरकारची झोप उडाली. फडक्यांच्या नावे निघालेल्या जाहीरनाम्यात गव्हर्नरच्याच डोक्यावर बक्षीस लावलेले होते. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सनदशीर माणसावरही संशय धरून त्यांची धुळ्याला बदली केली गेली आणि त्यांचे टपाल तपासले जाऊ लागले. लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत बातम्या गेल्या. दोनशे माणसांच्या बंडाने एवढे साधले.

दौलतराव गेल्यावर फडके निजामाच्या मुलखात शिरले. तिथे रोहिले जमवून नवी फौज उभी करण्याची खटपट सुरू झाली. पण डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक पाठीवर होते. पावसाळ्याचे दिवस, अंगात ताप, पायाला विसावा नाही. २० जुलै १८७९ च्या रात्री त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावात, एका देवळात थकून झोपलेले असताना ते पकडले गेले. जागे झाले तेव्हा डॅनियल छातीवर होता. एकेकट्याने तलवारीने लढू, असे आव्हान त्यांनी त्याला दिले. डॅनियलने ते घेतले नाही.

पुण्यात संगम पुलाजवळच्या न्यायालयाच्या इमारतीत त्यांना ठेवले होते. पुढे तिथे गुन्हे अन्वेषण विभागाची कचेरी आली. वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येईना तेव्हा ते घेतले सार्वजनिक काकांनी, म्हणजे दिल्ली दरबारात खादी घालून गेलेल्या गणेश वासुदेव जोशींनी. सनदशीर मार्गाचा हा पुरस्कर्ता बंडखोराच्या पाठीशी उभा राहिला. मार्ग वेगळे असले तरी माणूस टाकायचा नाही, हे काकांचे वागणे मला त्या काळातल्या कितीतरी ठरावांहून मोलाचे वाटते. हायकोर्टात अपील चालवले महादेव चिमणाजी आपट्यांनी. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली ती कायम राहिली. पण अंदमान नव्हे, एडन. देशी माणसांचा वाराही लागू नये असे ठिकाण सरकारला हवे होते. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली होते. जानेवारी १८८० मध्ये त्यांना जहाजावर चढवले.

एडनच्या तुरुंगात एकांतवास, पायात बेड्या आणि भोवती झाडाचे पान नसलेले उजाड डोंगर. कर्नाळ्याच्या जंगलाजवळ वाढलेल्या माणसाला हीच शिक्षा मोठी. एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले, तुरुंगाची भिंत ओलांडली आणि वाळवंटात धावत सुटले. मुलूख अनोळखी, बोली अनोळखी, रंगारूपाने लपणे अशक्य. काही मैलांवर ते पुन्हा सापडले. त्यानंतरची वर्षे प्रकृती ढासळत गेली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच गेले. वय सदतीस. शिरढोणची माती त्यांना पुन्हा दिसली नाही. लहुजी वस्तादही १७ फेब्रुवारीलाच गेले होते, दोन वर्षे आधी, १८८१ मध्ये. गुरू-शिष्यांची पुण्यतिथी एकच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बंड दिसायला फसले. पण १८७९ च्याच ऑक्टोबरात दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा झाला. त्यामागे १८७५ च्या दंग्यांची चौकशी होती, हे खरे. तरी ज्या वर्षी सह्याद्रीत बंड उसळले त्याच वर्षी सरकारला तो घाईने मंजूर करावासा वाटला, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. पुढच्या पिढ्यांनी फडक्यांना आद्य क्रांतिकारक म्हटले. १९८४ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले. मुंबईत मेट्रोजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे, पनवेलच्या नाट्यगृहाला आहे. पनवेलकर तिथे नाटक पाहायला जातात तेव्हा तिकिटावर हे नाव वाचतात.

शिरढोण पाहताना हा सगळा पट्टा एकत्र पाहावा. जवळच उरण तालुक्यात चिरनेर आहे. १९३० च्या २५ सप्टेंबरला तिथे जंगल सत्याग्रहात माणसे गोळीबारात पडली. याच महामार्गावर पुढे तारा गावात युसुफ मेहेरअलींच्या नावाचे केंद्र आहे. पेण तालुक्यात विनोबांचे गागोदे आहे. किल्लेदार, बंडखोर, सत्याग्रही आणि भूदानाचा ऋषी हे सगळे एवढ्याशा मुलखात होऊन गेले. महामार्ग रुंद होत आहेत, विमानतळ आला, गावांची शहरे होत आहेत. अशा वेळी ही ठिकाणे सुटी सुटी राहिली तर एकेक करून विसरली जातील. कर्नाळा, शिरढोण, पळस्पे आणि चिरनेर यांना जोडणारी, नीट माहिती देणारी एक वाट आखणे रायगडला अवघड नाही.

माझी मागणी साधी आहे. शिरढोणच्या स्मारकात वासुदेव बळवंतांच्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लहुजी वस्ताद आणि दौलतराव नाईक ही दोन नावे वाचायला मिळाली पाहिजेत. पळस्प्याच्या छाप्याची हकीकत पनवेलच्या शाळांत शिकवली गेली पाहिजे. आणि कोकणात जाणाऱ्यांनी १७ फेब्रुवारीची किंवा ४ नोव्हेंबरची वाट न पाहता शिरढोणला गाडी थांबवावी, मुलांना खाली उतरवावे आणि वाडा दाखवावा. पनवेलपासून तो फार लांब नाही.